फिरकीचे धनी : पालवणकर बाळू

क्रिकेटचा विषय निघाला की आपल्या मुलुंडच्या मैदानावर वाडेकर, गावसकर, तेंडुलकर ही नावे हटकून निघतात. पालवणकर बाळू हे नाव कोणी घेत नाही. भारत पहिला कसोटी सामना खेळला १९३२ साली. त्याच्या एकवीस वर्षे आधी बाळू इंग्लंडचा दौरा करून आले होते!

धारवाडला एका चांभार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे, रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. पुढे साहेबांच्या क्लबात ४ रुपये झाले. तिथे नेट बांधून साहेबांना, विशेषतः कॅप्टन ग्रेग यांना, ते तासन्‌तास गोलंदाजी टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. त्यांची डावखुरी फिरकी या राबण्यातूनच घडली, असे मला वाटते.

साहेबांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून असेल, पण त्यांच्या बळींच्या आकड्यांआधी मला ते भांडेच आठवते.

आकडेही काही लहान नाहीत. मुंबईला आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या संघाकडून त्यांनी ११४ बळी घेतले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. अनुभवाने, वयाने, कर्तृत्वाने त्यांच्या तोडीचा दुसरा कोण होता? १९२० साली त्यांना पुन्हा डावलले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. मग कुठे बाळूंना उपकर्णधार नेमले. तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि तो संघ जिंकलाही.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. हा निर्णय मला अजून पचत नाही. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.