तीन विजयांचा हंगाम

आपल्या महाविद्यालयाचा संघ सामना हरला की आधी खेळाडूंना नावे ठेवली जातात आणि मग प्रशिक्षकांना. ढाल हाती आली तरच हंगाम सार्थकी लागला, अशी आपली ठाम समजूत असते. क्नूट रॉकनी या अमेरिकन प्रशिक्षकाचे चरित्र पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येते.

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब शिकागोत स्थायिक झाले. घरची परिस्थिती बेताची. कॉलेजसाठी पैसे साठवायचे म्हणून त्यांनी काही वर्षे पोस्टात नोकरी केली आणि १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, इंडियाना राज्यातील नोटर डेम येथे प्रवेश घेतला.

तिकडचा फुटबॉल आपल्याहून निराळा. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला आडवे पाडायचे. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ साली मिळाली होती, पण तिचा उपयोग फार थोडे संघ करीत. १९१३ च्या उन्हाळी सुट्टीत रॉकनी आणि त्यांचे मित्र गस डोरे ईरी सरोवराच्या काठी कामाला राहिले. फावल्या वेळात एकाने फेकायचे, दुसऱ्याने धावत झेलायचे, असा सराव त्यांनी वाळूवर केला. त्याचे फळ १ नोव्हेंबर १९१३ रोजी मिळाले. रॉकनी कर्णधार असलेल्या नोटर डेमने बलाढ्य लष्करी अकादमीला ३५–१३ असे हरविले.

१९१४ साली पदवी घेतल्यावर ते तेथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि संध्याकाळी मुख्य प्रशिक्षक जेस हार्पर यांना साहाय्य करू लागले. १९१८ साली हार्पर निवृत्त झाले आणि तिसाव्या वर्षी संघाची धुरा रॉकनींच्या खांद्यावर आली.

वेळ मोठी कठीण होती. महायुद्ध चालू होते; अनुभवी खेळाडू सैन्यात गेले होते. त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे त्याच वर्षी हजारो घरे ओस पाडणारी मानमोडी ती हीच! सप्टेंबरच्या अखेरीस केस संघावर २६–६ असा विजय मिळाला आणि नंतरचा सारा ऑक्टोबर सामन्यांविना गेला. नोव्हेंबरात वॉबॅशला ६७–७ असे नमविले. ग्रेट लेक्स या नौदलाच्या कसलेल्या संघाशी ७–७ अशी बरोबरी झाली. मिशिगन कृषी महाविद्यालयाकडून ७–१३ अशी हार पत्करावी लागली. पुढे पर्ड्यूवर विजय आणि शेवटी नेब्रास्काशी गुणाविना बरोबरी. एकूण सहा सामने, तीन विजय, एक पराभव, दोन बरोबऱ्या. अशा हंगामाची मिरवणूक कोण काढणार?

परंतु याच हंगामात पुढच्या यशाचा पाया घातला गेला. जॉर्ज गिपसारखा अलौकिक खेळाडू आणि हाताशी आलेली नवखी पोरे यांतून रॉकनींनी संघ बांधला. १९१९ आणि १९२० या दोन वर्षांत तो संघ अठरा सामने खेळला आणि अठराही जिंकला. १९२० च्या डिसेंबरात गिप अवघ्या पंचविसाव्या वर्षी आजाराने गेला, तरी संघ खचला नाही. १९२४ साली तो पुन्हा अजिंक्य ठरला.

यशाच्या शिखरावरही पराभव चुकला नाही. १९२८ साली नऊपैकी चार सामने गेले. पुढच्या वर्षी नवे क्रीडागार बांधले जात असल्याने घरचे मैदान नव्हते आणि स्वतः रॉकनी पायाच्या विकाराने जर्जर झाले होते. तरीही १९२९ आणि १९३० ही दोन्ही वर्षे संघाने एकही सामना गमावला नाही.

३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात विमान कोसळून त्रेचाळिसाव्या वर्षी रॉकनींचा अंत झाला. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबऱ्या असा हिशेब त्यांच्या नावावर राहिला. त्यांच्या अपघातानंतर विमानांचे लाकडी पंख जाऊन सर्वस्वी धातूची विमाने येण्यास वेग आला.

त्या १०५ विजयांत १९१८ चे तीनही आहेत, हे विसरून चालणार नाही. त्या वर्षी फलकावरचे आकडे पाहून कोणी रॉकनींना निरोप दिला असता, तर उरलेले १०२ विजय कोठून आले असते? आपल्या मैदानावर पराभवानंतर मुकाट्याने जाळे गुंडाळणाऱ्या एखाद्या मार्गदर्शकाकडे पाहताना एवढा प्रश्न आपण स्वतःला विचारला, तरी पुष्कळ झाले.