चवदार तळ्यापासून दीक्षाभूमीपर्यंत: बाबासाहेबांनी धर्माला विज्ञानाची कसोटी कशी लावली?

पोलादपूर : पोलादपूरहून महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघालं की अर्ध्या तासात महाड लागतं. इथल्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही प्यायले, हे आपण शाळेत शिकलो. पुढचं मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येतं.

तळं बाटलं म्हणत सनातन्यांनी त्याची शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात सोडल्या. इंजिनीअरिंगला पाण्याचे नमुने तपासलेल्या कुणालाही कळेल, की पाणी खराब नक्की कशाने झालं असेल! त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचं दहन झालं.

मग बाबासाहेब नास्तिक होते का?

उत्तर हो-नाहीत बसत नाही. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, त्यामुळे घरात भजन-पाठ असायचे. मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई शिक्षक मिळाले. विचार अनुभवावर तपासून घ्यायचा, ही ड्यूईंची शिकवण त्यांच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसते.

१९३६च्या जातिसंस्थेवरील भाषणात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा फरक केला. ते भाषण आयोजकांनी होऊच दिलं नाही, म्हणून त्यांनी पुस्तक छापलं. नियम डोळे झाकून पाळायचे असतात, तत्त्व मात्र माणसाला विचार करून लागू करावं लागतं. पहिला प्रकार मोडावा, दुसरा हवाच, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. केवळ कायद्याच्या धाकाने समाज टिकत नाही, त्याला नीती लागते, असं घटनेच्या मसुदा समितीचा हा अध्यक्ष मानत होता.

बुद्धच का?

हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी १९३५ मध्ये येवल्यात जाहीर केलं. धर्मांतर झालं २१ वर्षांनी. मे १९५०च्या एका लेखात त्यांनी धर्मासाठी अटी मांडल्या: तो बुद्धीला, म्हणजेच विज्ञानाला पटावा, स्वातंत्र्य, समता, बंधुता मानावी आणि गरिबीचं उदात्तीकरण करू नये. या अटींत बसणारा धर्म त्यांना बुद्धाचाच वाटला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांनाही दिली.

पण बौद्ध परंपराही त्यांनी जशीच्या तशी घेतली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसणं नसून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलीयांत पेटलेला वाद आहे. पुन्हा पाणीच! पुनर्जन्म त्यांनी आत्म्याचा मानला नाही. शरीरातली तत्त्वं निसर्गात परत मिसळतात, असा अर्थ लावला. चार आर्यसत्यं मूळची की नंतर जोडलेली, अशी शंकाही घेतली.

यावर अनेक बौद्ध अभ्यासक नाराज झाले, इतकं वगळल्यावर बौद्ध धर्मात उरतं काय, असं त्यांनी विचारलं. बाबासाहेबांकडून उत्तर येणं शक्य नव्हतं. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं आणि ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला.