कायद्याचे प्राध्यापक, दाव्यातील प्रतिवादी

नाशिककरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे आणि येवल्याच्या घोषणेमुळे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. महाडच्या चवदार तळ्यासंबंधीच्या दिवाणी दाव्यात ते त्या वेळी प्रतिवादीही होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते.

अध्यापन ही त्यांची आवड होतीच. पण संसार चालवण्यासाठीची गरजही होती. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. उच्च न्यायालयातील मोठी कामे सॉलिसिटरांमार्फत मिळत आणि तेथे जात आडवी येई. म्हणून जून १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. जून १९२८ मध्ये ते लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक झाले. ही नेमणूक मार्च १९२९ पर्यंतचीच होती.

ते या कॉलेजात प्रथम शिकवू लागले, तेव्हा महाडचा दावा सहा महिन्यांचा झाला होता. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी हजारो अस्पृश्य बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार, हे दिसताच महाडच्या सनातनी मंडळींनी १२ डिसेंबर रोजी दिवाणी न्यायालयात धाव घेतली. तळे आपले असून अस्पृश्यांना त्याचा वापर करण्याचा हक्क नाही, असे ठरवून मिळावे आणि त्यांना कायमची मनाई व्हावी, ही त्यांची मागणी होती. दाव्याचे स्वरूप प्रातिनिधिक होते. वादी साऱ्या स्पृश्यांच्या वतीने उभे होते, तर आंबेडकर आणि त्यांचे सहकारी साऱ्या अस्पृश्यांच्या वतीने प्रतिवादी. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

पुढील प्रसंग या साऱ्या कहाणीत सर्वांत अवघड म्हणावा लागेल. २५ डिसेंबरला परिषदेसाठी महाडात हजारो लोक जमले होते. सत्याग्रहासाठी नावे नोंदवली गेली होती आणि तुरुंगात जाण्याची लोकांची तयारी होती. हुकूम मोडावा, तर चळवळ सरकारशी थेट संघर्षात सापडणार. पाळावा, तर लांबून आलेल्या माणसांना कोरड्या हातांनी परत धाडावे लागणार. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि सभेने तो मानला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली; पाण्याला कोणी हात लावला नाही. तात्पुरती मनाई म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे वकिलाला ठाऊक असते. ते गावोगावच्या शेतमजुरांच्या गळी उतरवणे हे वर्गातल्या अध्यापनापेक्षा निश्चितच कठीण होते.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली. दावा मात्र उभाच राहिला. आता परंपरागत वहिवाट सिद्ध करण्याचा भार वादींवर होता. ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्यात अपीलही फेटाळले गेले. वादी मग दुसरे अपील घेऊन उच्च न्यायालयात गेले.

याच वर्षांत नाशिक पेटले होते. २ मार्च १९३० रोजी काळारामापुढे सुरू झालेला सत्याग्रह दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. तळे नगरपालिकेकडे होते, म्हणून तेथे न्यायालयात उभे राहायला जागा तरी होती. मंदिरप्रवेशाच्या प्रकरणांत रूढीच्या बाजूने प्रिव्ही कौन्सिलचा १९०८ चा निर्णय होता. मार्च १९३४ मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना सत्याग्रह आवरता घेण्यास कळवले.

जून १९३५ मध्ये ते प्राचार्य झाले. काही दिवसांपूर्वीच, २७ मे रोजी, रमाबाईंचे निधन झाले होते. मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात, यावर त्यांनी १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला.

अखेर १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळले. अहमदाबादेत १९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निष्कर्ष निघाला. सव्वानऊ वर्षांच्या लढ्यानंतर पाणी मोकळे झाले, ते असे वादींच्या पुराव्याच्या उणिवेवर. पुरावा पुरेसा ठरला असता तर काय, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

मे १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले. पुढे ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, तिच्या १५ व्या कलमात सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या वापरावर जातीच्या कारणाने कोणालाही बंदी घालता येणार नाही, असे स्पष्टपणे लिहिलेले आहे. तेथे वहिवाटीचा पुरावा कोणी मागत नाही.