नाना शंकरशेट आणि मुंबईच्या शाळा

आमच्या दैवज्ञ समाजाच्या स्मरणिकेत कै. जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना ह्यांचे नाव आले नाही असे वर्ष विरळाच. परंतु नानांचे वैभव, त्यांचा दरबारी मान आणि टाउन हॉलमधील त्यांचा पुतळा ह्यांच्याच वर्णनात पाने संपतात. लोकवर्गणीतून शाळा उभ्या करण्यात त्यांनी आयुष्य वेचले, ते कार्य मात्र दोन ओळींत आटोपते. ह्या खेपेस तेवढेच सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घराणे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. वडील शंकरशेट १८२२ साली निवर्तले व ऐन तारुण्यात पेढीचा भार नानांवर पडला. त्याच सुमारास मुंबईत देशी मुलांकरिता शाळा व शाळोपयोगी पुस्तके निर्माण करणारी मंडळी स्थापन झाली. तोवर पंतोजींच्या ओसरीवर अक्षरओळख, मोडी आणि पाढे झाले की बहुतेकांचे शिक्षण संपे. ह्या मंडळीने सरकारी साह्याला नागरिकांच्या वर्गणीची जोड देऊन मराठी-गुजराती पुस्तके छापली आणि शिक्षक तयार केले. नाना तिचे आधारस्तंभ झाले.

१८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशी निघाले. नुसते मानपत्र देऊन न थांबता मुंबईकरांनी त्यांच्या नावे अध्यापकांच्या वेतनासाठी निधी उभारला. दोन लाखांहून अधिक रुपये जमले. त्या काळी ही रक्कम केवढी, हे वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन जिने चढलेल्या आमच्या कार्यकर्त्यांस निराळे सांगावयास नको! ह्याच निधीतून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आले. चोविशीतले नाना ह्या खटपटीत अग्रभागी होते.

१८४० साली शिक्षणमंडळ नेमले गेले. त्यावर नाना आले आणि मंडळ असेपर्यंत राहिले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचा ओढा इंग्रजीकडे होता. थोड्यांस उत्तम इंग्रजी शिकवावे, विद्या त्यांच्याकडून खाली झिरपेल, असा तो विचार. नानांस स्वतः इंग्रजी उत्तम येई व त्यांची ऊठबस साहेबलोकांतच असे. तरीही सामान्य रयतेपर्यंत विद्या पोहोचावयाची तर ती तिच्या भाषेतूनच, हा पक्ष त्यांनी मंडळात लेखी मांडला व सोडला नाही. आमच्या मते नानांच्या चरित्रातील हा सर्वांत धीराचा प्रसंग होय. सरकारी मर्जीवर ज्याचा मानमरातब अवलंबून, त्याने न्यायाधीशपदावरील अध्यक्षांस विरोध करणे सोपे नव्हते.

१८४९ साली एल्फिन्स्टन कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा मराठी मुलींच्या शाळेस नानांनी आपल्याच वाड्यात जागा दिली. लोकनिंदेचे भय मोठमोठ्यांस होते. ज्या घरावर साऱ्या ज्ञातीची नजर, त्या घरात ही शाळा भरली.

ह्या कार्यात आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. नाना आमच्या ज्ञातीचे भूषण खरे, पण त्यांचा पैसा ज्ञाती विचारून खर्च झाला नाही. आमच्या शिष्यवृत्तीचे अर्ज छाननीस येतात, तेव्हा पहिला रकाना ज्ञातीचा असतो. निधी तुटपुंजा, म्हणून तसे करावे लागते, हे आम्हीही मानतो. तथापि तो रकाना तपासताना नानांची तसबीर समोरच्या भिंतीवर असते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. मॅट्रिकला संस्कृतात उत्कृष्ट गुण मिळविणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली. देशमुख आमच्या ज्ञातीचे नव्हते.