भास्कराचार्यांची सारणी आणि नकाशातला ओढा

भास्कराचार्य जन्मले 1114 मध्ये. 36 व्या वर्षी, 1150 ला, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' त्याचाच भाग. त्यात एक छोटी ज्या-सारणी आहे (ज्या म्हणजे आपला साइन). त्रिज्या 120 धरली, की 20 अंशांना 41, 30 ला 60. मग 25 ला? सरळ सरासरी 50.5. पण वाढ मंदावतेय हेही धरणारी ब्रह्मगुप्तांची रीत त्यांनी दिली. तिने 50.6 येतं; कॅल्क्युलेटर 50.7 सांगतो.

उंचीच्या नकाशाचं रिझोल्युशन वाढवताना आजही मधल्या किमती अशाच काढतात. पण ग्रिडमध्ये फक्त 'पाणी आहे' 1 आणि 'नाही' 0 असेल तर? 0.6 पाणी म्हणजे काहीच नाही. तिथे जवळच्या चौकटीची किंमत जशीच्या तशी घ्यायची.

चौकटी मोठ्या करताना जास्त जपायचं. 10 मीटरच्या 9 चौकटींची 30 मीटरची एक केली आणि पाणी तिघींतच असलं, तर बहुमताने ओढा गायब! बिबवेवाडीशेजारी सहकारनगरातून जाणाऱ्या आंबिल ओढ्याला सप्टेंबर 2019 मध्ये पूर आला, माणसं गेली. पुराच्या नकाशात म्हणून एकही 1 दिसला तरी 1 ठेवा.

1183 ला, 69 व्या वर्षी, भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. 1207 चा तो शिलालेख आजही आहे.