पोथी उलगडणारे राष्ट्रसंत

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे शाळेत फार काळ टिकले नाहीत. प्राथमिक शाळेच्या मोजक्या इयत्ता झाल्या आणि शिक्षण सुटले. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात या माणिकचा ‘तुकड्या’ झाला. १९२१ मध्ये गुरूंनी देह ठेवला. पुढे रामटेक, सालबर्डीच्या रानांत साधना चालली.

इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर गीता, ज्ञानेश्वरी, गाथा यांसारखे वाङ्मय आपलेसे करायचे, हे आव्हान लहान नव्हते. मात्र वऱ्हाडात ग्रंथ पूर्वी डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक वाचला जाई. चातुर्मासात पोथी लागे. एक जण वाची, दुसरा अर्थ सांगे, उरलेले गाव ऐके. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही त्यामुळे ओवीची चाल ठाऊक असे. अडचण होती ती अर्थाची. पारायणांची संख्या वाढे, पोथी पुन्हा रुमालात बांधली जाई आणि गाव होते तिथेच राही. तुकडोजी महाराजांनी हातातील खंजिरी वाजवून नेमके इथेच बोट ठेवले.

१९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला राहिले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांची धास्ती घेऊन सरकारने त्यांना नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवले.

या साऱ्या अनुभवांनंतर, १९५५ मध्ये, ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. अध्याय ४१, ओव्या ४६७५. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांपुढे हा ग्रंथ आटोपशीर म्हणावा लागेल. रोज एक अध्याय घेतला तरी सव्वा महिन्याहून थोड्या अधिक काळात तो वाचून होतो. शहरी वाचकालाही हे अशक्य नाही. छंद जुना, ओवीचाच. विषय मात्र ग्रामआरोग्य, श्रम, महिलोन्नती, सणोत्सव. ग्रंथ कसा वाचावा यासाठी ‘ग्रंथाध्ययन’ हा स्वतंत्र अध्यायच आहे. प्रत्येक अध्याय संपताना गुरू, शास्त्र आणि स्वानुभव या तिहींची साक्ष काढलेली दिसते. शास्त्राला मान आहे, पण अखेरचा शब्द स्वानुभवाचा. पंडितांच्या ग्रंथांत हा क्रम सहसा आढळत नाही, आणि आम्हांस तरी ग्रामगीतेचे वेगळेपण इथेच जाणवते. ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यानेच हे धाडस करावे हेही स्वाभाविक वाटते.

ग्रंथ अर्पण केला तो ग्रामदेवतेला, म्हणजे गावातील लोकांनाच. त्याच वर्षी महाराज जपानमधील विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. परतल्यावर पुन्हा तीच खंजिरी, तीच खेडी.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजातच त्यांनी देह ठेवला. नागपूर-अमरावती महामार्गालगत त्यांची समाधी आहे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला या अल्पशिक्षित संताचे नाव देण्यात आले. ग्रामगीतेवर आता परीक्षाही घेतल्या जातात.