बुरुड राजाचा कोट आणि पंडित भगवानलाल इंद्रजी



नालासोपारा म्हटले की आपल्याला लोकलची गर्दी आठवते. पण सम्राट अशोकाच्या काळी तिथे शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. भगवंतांचा शिष्य पूर्ण हा तिथलाच व्यापारी, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. पुढे खाडी गाळाने भरली, गलबते येईनाशी झाली, नगर ओस पडून त्याचे खेडे झाले. उरला एक विटा-मातीचा ढिगारा. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. बुद्धाचे नाव कुणाच्या तोंडी नव्हते. ते परत आणले भगवानलाल इंद्रजींनी.

त्यांचा जन्म १८३९ साली जुनागढला, ब्राह्मण कुटुंबात. इंग्रजी शाळेचे शिक्षण नाही. गावाजवळ गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे. त्याची लिपी हा मुलगा आपली आपणच शिकला. आपल्यापैकी ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना बोलावून घेतले. मग अजिंठा, नाशिक, नाणेघाट, पुढे नेपाळपर्यंत त्यांची पायपीट चालली. लेखाचे ठसे, नकला भगवानलाल घ्यायचे आणि निबंध भाऊ दाजींच्या नावाने वाचला जायचा. भाऊ दाजी १८७४ साली वारले. त्यानंतर मात्र पंडितांचे नाव पुढे आले. आपल्या जवळच्या कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर इथल्या लेण्यांतले लेख त्यांनी बर्जेस साहेबांबरोबर १८८१ साली छापले. ते स्वतः गुजरातीत लिहायचे, इंग्रजी दुसरे करून द्यायचे. तरी हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने १८८४ साली त्यांना मानाची डॉक्टरेट दिली.

१८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तो कोट खणला. आत निघाली दगडी पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक आणि भोवती गोल मांडलेल्या आठ बुद्धमूर्ती : सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याच्या तेरा ठिकऱ्या! सोन्यात माती कोण जपून ठेवील? हे भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असे पंडितांनी अनुमान काढले. त्याच सुमारास तिथल्या तळ्याजवळ त्यांना अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा बोधिवृक्षाकडे धम्मयात्रेला गेला, तो हा लेख.

कोडे पुढेच आहे. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, म्हणजे इसवी सनाचे दुसरे शतक. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत, असे नंतरच्या अभ्यासकांनी ठरवले. म्हणजे सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. कोण ते? नाव नाही, लेख नाही. मला वाटते, धम्माला ओहोटी लागली होती तेव्हा तिथल्या उपासकांनीच हे केले असेल. आपण गेलो तरी बुद्ध राहावेत म्हणून.

पंडित १८८८ साली गेले, पन्नाशीही गाठली नाही. अशोकाच्या नवव्या आज्ञालेखाचा तुकडा सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडला तो १९५६ साली, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच वर्षी. करंडक आणि ठिकऱ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. स्तूपाच्या विटा नालासोपाऱ्यातच आहेत.